पहाटे पाय उचलेनात तेव्हा
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

गेल्या अंकात स्नायूंच्या आनुवंशिक आजारांवर एक चौकट छापली होती. त्यात ‘हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस’, म्हणजे पोटॅशियम उतरून अधूनमधून येणारा लुळेपणा, याला जेमतेम दोन ओळी मिळाल्या होत्या. पत्रे मात्र त्यावरच जास्त आली. आजार लाखात एखाद्याला होणारा. पण ज्या घरात असतो तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या ‘अशक्तपणा’, ‘वारं गेलं’ किंवा ‘बाहेरचं’ या नावांखाली खपून जातो. निवडक प्रश्नांना मेडिसिन आणि न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरे इथे देत आहोत.

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचे पाय उचलेनात, दहा वाजेपर्यंत हातही गेले. बोलत होता, सगळे कळत होते. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली आणि एक ताकदीचे इंजेक्शन दिले, तर मानही उचलेना. तालुक्याच्या गावी रक्त तपासले, पोटॅशियम २.१ निघाले. औषध दिल्यावर रात्री चालायला लागला. दोन दिवसांनी तपासले तर ४.२. आता सगळे म्हणतात अशक्तपणाच होता. मग सलाईनने वाढला कसा?
— एक पालक, सेलू, जि. परभणी

तुमचा शेवटचा प्रश्नच निदानाकडे नेतो. अशक्तपणा सलाईनने वाढत नाही, हा आजार वाढतो.

पोटॅशियमचे गणित आधी पाहू. ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ३००० एमईक्यू पोटॅशियम असते. (लॅबच्या रिपोर्टवर हेच एकक असते.) त्यातले ९८ टक्के पेशींच्या आत, मुख्यतः स्नायूंत. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात उरते जेमतेम ६०-७०. रिपोर्टमध्ये ३.५ ते ५ दिसते ते या बाहेरच्या वाट्याचे. पोटभर पुरणपोळी खाल्ली की साखर वाढते, साखरेमागे इन्शुलिन वाढते आणि इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलते. हे सगळ्यांच्याच शरीरात होते. तुमच्या मुलाच्या स्नायूंना तेवढी घट सोसत नाही, फरक इतकाच.

का सोसत नाही, तर त्याच्या स्नायूंच्या पेशीवरचे एक दार सदोष आहे. कालव्याच्या चारीचे गेट पूर्ण खाली टाकले तरी चौकटीच्या फटीतून पाणी झिरपत राहावे, तसे. बहुतेक कुटुंबांत हा दोष कॅल्शियमच्या दारात (सीएसीएनए१एस जनुक), काहींत सोडियमच्या दारात (एससीएन४ए) सापडतो. पहिल्या जनुकाचा संबंध १९९४ मध्ये कळला, झिरपण्याची ही भानगड २००७ मध्ये. एरवी पोटॅशियम या झिरपणीला पुरून उरते. ते बाहेर कमी पडले की झिरपणी वरचढ होते, पेशीतला विजेचा दाब बिघडतो आणि मेंदूचा हुकूम पोचूनही स्नायू हालत नाही. म्हणूनच शुद्ध असते, चिमटा काढलेला कळतो, बोलता येते. फक्त मांड्या आणि दंड ओंडक्यासारखे पडून राहतात.

आता सलाईन. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या (म्हणजे ग्लुकोजच्याच) अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ती थेट शिरेत गेली, इन्शुलिन उसळले आणि उरलेसुरले पोटॅशियमही आत गेले. ताकदीचे इंजेक्शन म्हणजे नेमके काय होते ते चिठ्ठीवर पाहा. गावाकडे त्या नावाखाली बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड दिले जाते, आणि तेही या आजारात अटॅक आणणाऱ्यांच्या यादीत आहे. दम्याचा सालब्युटामॉलचा वाफारा हा त्याच यादीतला तिसरा. डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. पण पाय गेलेल्या पोराला पोटॅशियम न तपासता ग्लुकोज लावणे म्हणजे विझवायला रॉकेल घेणे.

पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच तीन गोष्टी सांगा: ग्लुकोजची बाटली नको, आधी पोटॅशियम तपासा, ईसीजी काढा. रक्त अटॅक चालू असतानाच घेतले पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या ४.२ वरून काहीच सिद्ध होत नाही. रक्त घेताना दंडाला पट्टा करकचून बांधून मूठ उघडझाप करायला लावली, किंवा नमुना हिसळला आणि रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटे वाढून येते आणि २.८ चे ३.६ दिसू शकते. जिल्ह्याच्या लॅबला नमुना पाठवायचा असेल तर सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारे पिवळसर पाणी) वेगळे करूनच पाठवायला सांगा. पोटॅशियम देण्याआधी लघवीचाही नमुना ठेवून घ्यावा. लघवीत पोटॅशियम कमी असेल तर ते बाहेर गेलेले नाही, आत लपले आहे असे कळते. लघवीतून धो धो जात असेल तर दोष किडनीकडे शोधावा लागतो.

एक गोष्ट या निदानापेक्षाही तातडीची आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे लुळा उठला तर मराठवाड्यात पहिली शंका मण्यारीची घ्यायची. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही सापडत नाही. फरक चेहऱ्यावर बघा. पोटॅशियमच्या लुळेपणात पापण्या, गिळणे आणि आवाज सहसा शाबूत राहतात. मण्यारीत पापण्या मिटायला लागतात, आवाज नाकातून येतो, लाळ गिळता येत नाही, बऱ्याचदा आधी पोट दुखते. पापणी पडत असेल तर पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट बघू नका. १०८ बोलवा आणि सर्पदंशाची लस असेल त्या रुग्णालयात न्या.

तिसरी शक्यता गुलेन-बारी या नसांच्या आजाराची. त्यात लुळेपणा दिवसागणिक चढत जातो, काही तासांत उतरत नाही.

आमच्या मुलीला हा आजार असल्याचे पक्के झाले आहे. वजन ४८ किलो. अटॅकमध्ये घरी केळी, शहाळे, ओआरएस देऊन भागेल का? सिरप दिले आहे, पण किती द्यायचे हे चिठ्ठीवर नीट लिहिलेले नाही.
— एक वाचक, केज, जि. बीड

केळ्यात साधारण १० एमईक्यू पोटॅशियम असते आणि त्याबरोबर २५ ग्रॅमच्या आसपास साखर-पिष्ट. एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखे आहे. ओआरएसच्या एका पाकिटाच्या लिटरभर पाण्यात पोटॅशियम २० आणि ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे तेही कामाचे नाही. शहाळे त्यातल्या त्यात बरे: पेलाभर म्हणजे २५० मिली पाण्यात सुमारे १५ एमईक्यू, साखर कमी. पण अटॅकला लागते त्याच्या पुढे ते थोडकेच. हे एरवीचे पदार्थ आहेत, अटॅकचे औषध नव्हेत.

अटॅकचे औषध म्हणजे पोटॅशियम क्लोराईडचे सिरप. नेहमीच्या बाटलीत १५ मिलीला २० एमईक्यू असतात, तरी लेबल वाचून खात्री करा. सुरुवातीचा डोस किलोला अर्धा ते एक एमईक्यू असा धरतात. तुमच्या मुलीला अर्ध्याच्या हिशेबाने २४ एमईक्यू, म्हणजे १८ मिली. चहाच्या चमच्याने अंदाजपंचे ओतू नका, सुई काढलेली २० मिलीची सिरिंज घरात ठेवा. औषध पेलाभर साध्या पाण्यात मिसळून दहा-पंधरा मिनिटांत घोट घोट प्यायचे. पाणी न घालता तसेच प्यायले तर पोटात आग पडते आणि उलटी होते, मग किती आत राहिले ते कळत नाही. चव लपवायला सरबतात, उसाच्या रसात किंवा मोसंबीच्या रसात मिसळायचे नाही. सावकाश विरघळणाऱ्या पोटॅशियमच्या गोळ्या अटॅकमध्ये उशिरा लागू पडतात.

अर्ध्या तासाने काय करायचे, हे डॉक्टरांकडून आजच कागदावर लिहून घ्या. पुन्हा द्यायचे तर सहसा किलोला ०.३ एमईक्यू एवढे छोटे डोस देतात आणि तेही रक्त तपासण्याची सोय असेल तिथेच. २४ तासांत एकूण २०० च्या पुढे मोठ्या माणसालाही जायचे नसते. कारण वर आलेच आहे: पोटॅशियम हरवलेले नाही, आत बसले आहे. अटॅक उतरला की ते आपोआप बाहेर येते. तुम्ही बाहेरून ओतलेले आणि आतून परतलेले एकत्र झाले तर रक्तातली पातळी साडेपाच-सहाच्या पुढे जाते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. रुग्णालयात रिपोर्टचा आकडा पाहून घाईघाईने दिलेल्या डोसांनी असे घडलेले आहे. कमी द्या, थांबा, तपासा.

गिळता येत नसेल, उलट्या होत असतील किंवा एका दमात २० पर्यंत मोजता येत नसेल तर सिरपचा नाद सोडून थेट मोठे रुग्णालय गाठा. बीडच्या त्या बाजूला अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. तिथे शिरेतून पोटॅशियम द्यायची वेळ आली तर ते मॅनिटॉलमध्ये किंवा साध्या मिठाच्या सलाईनमध्ये मिसळतात, डेक्स्ट्रोजमध्ये नाही. वेग तासाला १० एमईक्यू, फार तर २०, आणि तेव्हा ईसीजीचा मॉनिटर लावलेला हवा. दहा मिलीच्या एका अँप्यूलमध्ये २० एमईक्यू असतात. ती थेट शिरेत ढकलली तर हृदय बंद पडते.

आणखी एक. पोटॅशियम वाढून येणारा लुळेपणाही असतो, त्याचा दोष याच सोडियमच्या दारात असतो आणि त्यात हे सिरप घातक ठरते. म्हणून एकाही अटॅकमध्ये पोटॅशियम कमी असल्याचा रिपोर्ट हाती नसताना शेजारच्याची बाटली वापरू नये.

वय २१. पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर चांगले पळतो. पण रात्री अकादमीतून येऊन भात-गूळ खाऊन झोपलो की महिन्यातून एखाद्या सकाळी मांड्या जड पडतात, दोनदा तर संडासला बसल्यावर उठताच आले नाही. वडिलांनाही तरुणपणी असेच व्हायचे. पळणे सोडू का?
— एक वाचक, औसा, जि. लातूर

पळताना काही होत नाही, पळून विसावल्यावर होते, हे तुम्ही बरोबर टिपले आहे. कष्टात स्नायूंमधून बाहेर आलेले पोटॅशियम विसाव्यात परत आत जाते. त्यावर भात-गुळाचे इन्शुलिन आणि त्यावर सहा-सात तास निपचित झोप. अटॅकची तयारी तुम्ही दर रात्री शिस्तीत करता आहात.

आधी निदान करून घ्या. अटॅकच्या सकाळी पोटॅशियम, शिवाय थायरॉइडच्या चाचण्या: टीएसएच, टी३, टी४. ईएमजीच्या (स्नायूंच्या विद्युत तपासणीच्या) खोलीत एक लांब व्यायामाची चाचणी करतात: तळहाताचा एक छोटा स्नायू पाच मिनिटे कामाला लावायचा आणि पुढे पाऊण तास त्याचा विद्युत प्रतिसाद मोजायचा. तो ४० टक्क्यांहून जास्त घसरला तर संशयाला बळ येते. रक्तावर जनुक चाचणीही होते. ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे होत नाही, कारण या आजाराच्या बऱ्याच कुटुंबांत ज्ञात दोष सापडत नाही.

तोवर पळणे सोडू नका, थांबण्याची रीत बदला. शेवटच्या फेरीनंतर मैदानावर आडवे व्हायचे नाही, पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालायचे. रात्रीचे जेवण अर्धे करा आणि भाताऐवजी एखादी ज्वारीची भाकरी, भरपूर वरण, अंडी किंवा पनीर घ्या. भाकरीतही पिष्ट आहेच, पण ते हळू पचते. गूळ, जिलबी, थंड पेय रात्री नको. लग्नसराईत पंगत असेल तर दुपारची धरा, म्हणजे नंतर हातपाय हलत राहतील. उपवासाचा साबुदाणा हा छुपा शत्रू: १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त पिष्टच असते. हुरड्याला मूठभर खा, शेतात बसून शिगोशीग खाऊन परत येऊन झोपू नका. खारे लोणचे-पापड बेतानेच, मीठही अटॅक ओढते. दारूचे तर बोलायलाच नको. थंडीत पहाटे पायांवर पांघरूण पक्के असू द्या.

मांड्या जड वाटायला लागल्या की पडून राहू नका. अगदी सुरुवातीला धरून धरून चालले तर अटॅक तिथेच मोडतो, हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. आणि विहिरीत पोहणे बंद. थंड पाणी आणि दमणूक एकत्र येते, आणि हातपाय गेले तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हे लपवायचे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणार. लपवू नका. बंदोबस्ताला रात्रभर उभे राहून पहाटे अटॅक येणे तुम्हालाही धोक्याचे आणि तुमच्या भरवशावर असलेल्यांनाही.

माझे लग्न मामाच्या मुलाशी झाले. नवऱ्याला आणि थोरल्या मुलाला हा आजार आहे. नात्यात लग्न केल्यामुळे झाला असे सासरचे म्हणतात. धाकट्या मुलीला एकदाही त्रास नाही. तिच्या लग्नाच्या वेळी सांगावे का?
— एक भगिनी, जि. हिंगोली

नात्यातल्या लग्नाचा यात दोष नाही. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक यावे लागते ते आजार वेगळे, त्यांत नाते महत्त्वाचे ठरते. हा आजार एकाच बाजूच्या एका जनुकाने होतो. तुमच्या यजमानांना आहे म्हटल्यावर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी होती, लग्न परक्या घरात झाले असते तरी तेवढीच. मुलगा असो की मुलगी, वाटा सारखाच. पण अटॅक पुरुषांत जास्त दिसतात, आणि काही स्त्रिया जनुक बाळगूनही आयुष्यभर धडधाकट राहतात. मुलीला त्रास नाही यावरून तिच्यात जनुक नाही असे म्हणता येत नाही. पहिला अटॅक सहसा विशीच्या आत येतो.

थोरल्या मुलात नेमका कोणता बदल आहे ते आधी सापडू द्या, मग मुलीची त्याच एका जागेची चाचणी सोपी आणि स्वस्त पडते. ती १८ वर्षांची झाल्यावर निर्णय तिचा. स्थळाला सांगायचे की नाही हेही तिनेच ठरवावे. आमचे मत सांगण्याकडे झुकते, कारण बाळंतपणात आणि ऑपरेशनमध्ये ही माहिती जवळच्या माणसांना असावी लागते. यजमानांना एक सांगा: चाळिशीनंतर अटॅक कमी होतात म्हणून आजार गेला असे नसते. मांड्यांची ताकद हळूहळू कायमची कमी होऊ शकते. जिना चढताना हाताने गुडघा रेटावा लागत असेल तर तपासून घ्यावे.

अॅसिटाझोलामाइड २५० ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. अटॅक कमी झाले, पण बोटांना मुंग्या येतात आणि बाटलीतल्या सोड्याला चव लागत नाही. पूर्वी मूतखडा झाला होता. गोळी चालू ठेवू का?
— एक वाचक, भोकर, जि. नांदेड

मुंग्या येणे आणि सोडा बेचव लागणे ही तर गोळी काम करत असल्याची खूण, घाबरण्याचे कारण नाही. मूतखड्याचे मात्र गंभीर आहे. ही गोळी लघवी अल्कधर्मी करते, खडे वाढवते. उन्हाळ्यात नांदेडकडे घामातच पाणी संपते. दिवसाची लघवी दोन ते अडीच लिटर होईल इतके पाणी प्या, सोनोग्राफी वर्षातून एकदा करा आणि पूर्वीच्या खड्याची गोष्ट डॉक्टरांना आजच कळवा. स्पायरोनोलॅक्टोनसारखा पोटॅशियम राखणारा पर्याय आहे, पण त्याबरोबर सिरप घेत असाल तर रक्त वरचेवर तपासावे लागते. सल्फाची अॅलर्जी असलेल्याने ही गोळी घेऊ नये. आणि काही सोडियम-दाराच्या दोषांत हिने अटॅक वाढतात: सुरू केल्यावर पंधरवड्यात अटॅक वाढले तर ‘अजून अंगी लागली नाही’ म्हणून डोस वाढवू नका, कळवा.

खडे आणि लुळेपणा जोडीने असतील तर एक शंका काढून टाकायची राहते. अटॅक नसतानाही पोटॅशियम तीनच्या आसपासच असेल आणि रक्तात आम्ल वाढलेले असेल, तर तो किडनीच्या नलिकांचा दोष, रीनल ट्यूब्युलर अॅसिडोसिस असू शकतो. त्यात ही गोळी उलटी पडते. अटॅक नसलेल्या दिवशी पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि लघवीचा पीएच एकदा करून घ्या.

वय ३४, घरात कुणाला नाही, पहिलाच अटॅक. वजन चार महिन्यांत ७ किलो उतरले, छाती धडधडते.
— एक वाचक, अंबड, जि. जालना

थायरॉइड तपासा, आजच. तिशीतल्या आशियाई पुरुषांत थायरॉइड वाढून हुबेहूब असाच लुळेपणा येतो. त्यावर अॅसिटाझोलामाइड नाही, प्रोप्रॅनोलॉल (धडधड आवरणारी गोळी) आणि थायरॉइडचे उपचार. थायरॉइड ताळ्यावर आले की अटॅक थांबतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज चघळत असाल तर तेही सांगा, त्याने पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो.

हा आजार असलेल्या माझ्या मुलाच्या अपेंडिक्सचे ऑपरेशन ठरले आहे. काय सांगू?
— एक पालक, पैठण

सर्जनला नव्हे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी भेटा. सक्सिनिलकोलीन (भूल देताना स्नायू सैल करणारे औषध) टाळायचे, ग्लुकोजची सलाईन टाळायची, टेबलावर अंग उबदार ठेवायचे, ऑपरेशनआधी आणि नंतर पोटॅशियम तपासायचे. हे चार मुद्दे एका कार्डावर लिहून त्याच्या आधार कार्डाच्या मागे पाकिटात ठेवा. खाली रक्तगट, सिरपचा डोस आणि तुमचा मोबाइल नंबर.